डेसिमल टेस्टकेसमध्ये जातच नाही, आणि गेलं तर वेगळंच होऊन जातं

पॅरामीटरवाल्या टेस्टला डेसिमल (पैशांसाठी वापरतात तो दशांश आकड्यांचा प्रकार) देता येत नाही, हा प्रॉब्लेम आमच्या टीममध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नव्याने घेऊन येतं आणि दर वेळी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून तीच टकळी चालवतो, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतोय. आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, सी शार्पमध्ये, म्हणजे सगळीकडे पैसे आणि सगळीकडे डेसिमल. कोड खाली बोलून सांगितलाय, फोनवर सांगतात तसा, तेवढं चालवून घ्या.

तर होतं असं. एक टेस्ट आहे, ती रक्कम आणि टॅक्सचा दर घेते आणि टॅक्स बरोबर आला का बघते. पाच रकमांसाठी पाच वेळा तीच टेस्ट कोण लिहिणार, म्हणून माणूस पॅरामीटरवाली टेस्ट करतो, मेथडच्या डोक्यावर टेस्टकेस ॲट्रिब्यूट (टेस्टला द्यायचे आकडे लिहिलेली चिठ्ठीच म्हणा) लावतो आणि कंसात १२५.५० च्या मागे एम लावून देतो, कारण डेसिमल लिहायचं तर शेवटी एम लागतो हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं. बिल्ड मारला की सीएस०१८२ नंबरचा कंपाइल एरर. मेसेजचा अर्थ एवढाच की ॲट्रिब्यूटला दिलेली किंमत कॉन्स्टंट पाहिजे, नाहीतर टाइपऑफ किंवा ॲरे पाहिजे. इथेच माणूस चक्रावतो, कारण समोर ढळढळीत आकडा लिहिलाय, तो कॉन्स्टंट नाही तर काय आहे?

पुढची उडी सगळे सेमच मारतात. वर क्लासमध्ये कॉन्स्ट डेसिमल म्हणून एक नाव करतात, ते बिनबोभाट कंपाइल होतं, मग तेच नाव ॲट्रिब्यूटमध्ये देतात. परत सीएस०१८२. आमच्याकडच्या एका ज्युनियर पोरीने तर वैतागून विचारलं, "सर, कॉन्स्ट चालतं, मेथडच्या डिफॉल्ट पॅरामीटरला पण डेसिमल चालतं, मग इथेच काय घोडं पेंड खातंय?" प्रश्न एकदम बरोबर आहे.

घोडं असं पेंड खातं की ॲट्रिब्यूटमध्ये जे लिहाल ते कंपाइलरला डीएलएलच्या (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलच्या) मेटाडेटामध्ये, म्हणजे तिच्यातल्या माहितीच्या कप्प्यात, भरून ठेवायचं असतं, आणि तिथे काय काय भरता येतं याची यादी ठरलेली आहे: पूर्णांकांचे प्रकार, बूल, कॅरेक्टर, फ्लोट, डबल, स्ट्रिंग, टाइप, इनम आणि यांचे साधे एकाच रांगेचे ॲरे. डेसिमल त्या यादीत नाही. ते १२८ बिटांचं स्ट्रक्ट आहे, २८-२९ आकडे धरतं, कीवर्ड असल्यामुळे ते आपल्याला इंट आणि डबलच्या पंगतीला बसलेलं दिसतं पण रनटाइमच्या लेखी ते प्रिमिटिव्ह नाहीच. मग कॉन्स्ट डेसिमल कसं चालतं? ती कंपाइलरची हातचलाखी आहे. आतून तो त्याचं स्टॅटिक रीडओन्ली फील्ड करतो आणि त्यावर डेसिमलकॉन्स्टंट नावाचं ॲट्रिब्यूट चिकटवतो, आणि त्या ॲट्रिब्यूटमध्ये आकडा पाच तुकडे करून ठेवलेला असतो, स्केल, साइन आणि तीन पूर्णांक. म्हणजे डेसिमल ॲट्रिब्यूटमध्ये घालायचं तर खुद्द कंपाइलरला पण त्याचे तुकडे करावे लागतात, तिथे आपली काय कथा.

आता एम काढून टाका. नुसतं १२५.५० राहिलं, म्हणजे ते डबल (बायनरीत साठवलेला दशांश आकडा) झालं, कंपाइल होणार. इथून पुढे तुम्ही कुठलं टेस्ट फ्रेमवर्क (एनयुनिट, एमएसटेस्ट की एक्सयुनिट) वापरता त्यावर तुमचं नशीब. एनयुनिट असेल तर मेथडचा पॅरामीटर डेसिमल ठेवा, टेस्टकेसमध्ये डबल, इंट किंवा स्ट्रिंग द्या, ते स्वतःच बदलून घेतं आणि टेस्ट हिरवी, म्हणजे पास, होते. एमएसटेस्टच्या डेटारोला (तिथलं टेस्टकेस) ही माया नाही, तिथे आमच्या पोरांना रनटाइमला आर्ग्युमेंट एक्सेप्शन मिळालं, सिस्टिम डॉट डबलचं सिस्टिम डॉट डेसिमल करता येत नाही म्हणून. एक्सयुनिटच्या जुन्या आवृत्तीवर आमचा एक प्रोजेक्ट अडकलेला आहे, तिथे इनलाइनडेटाचं (एक्सयुनिटमधलं टेस्टकेस) पण हेच रडगाणं. मग लोक काय करतात तर मेथडचा पॅरामीटरच डबल करून टाकतात आणि आत पहिल्या ओळीत त्याला डेसिमलमध्ये कास्ट करतात. चालतं. नव्वद टक्के वेळा काहीच होत नाही आणि म्हणूनच ही सवय लागते.

उरलेल्या वेळी काय होतं ते सांगतो, कारण टीममध्ये आमचे दिवस गेलेत ते यातच, कंपाइल एररमध्ये नाही.

पहिली भानगड शून्याची. डेसिमलला आपण किती दशांश स्थळं लिहिली ते लक्षात राहतं. १२.५० एम लिहिलं तर ते आत १२.५० म्हणूनच राहतं, टूस्ट्रिंग केलं की १२.५० छापतं. डबलला असलं काही माहीत नसतं, त्याच्यासाठी १२.५ आणि १२.५० एकच, त्यामुळे डबलवरून डेसिमल झालं की शेवटचं शून्य गेलं आणि छापताना १२.५ आलं. दोघांची तुलना केली तर सारखेच निघतात, म्हणून आकड्याच्या टेस्ट हिरव्या, आणि पावतीची ओळ तपासणारी एकच टेस्ट लाल. आमच्याकडे एकाने काय केलं, अपेक्षित स्ट्रिंगच बदलून १२.५ करून टाकली आणि मर्ज केलं! पण खऱ्या सिस्टिममध्ये रक्कम डेटाबेसच्या कॉलममधून यायची, तिथे दोन दशांश स्थळं पक्की, त्यामुळे पावतीवर १२.५० च छापलं जात होतं. म्हणजे टेस्ट एक सांगतेय, पावती दुसरं, आणि दोघं आपापल्या जागी खूश. खरा दोष पावतीच्या कोडचा होता, नुसतं टूस्ट्रिंग करायचंच नाही, दोन दशांश हवेत तर एफ२ देऊन मागायचे. ते केलं आणि टेस्टकडे १२.५ येवो नाहीतर १२.५०, छापून १२.५० च येतं.

दुसरी भानगड पंधरा आकड्यांची. डबलचं डेसिमल करताना डॉटनेट फक्त १५ महत्त्वाचे आकडे ठेवतं आणि बाकीचं राउंड करून फेकून देतं. रुपये-पैशांच्या रकमेत पंधरा आकडे कोणाचे भरणार, म्हणून कोणाला कळत नाही. पण व्याजाचा गुणक घ्या. वर्षाला ७ टक्के, ३६५ दिवस, एका दिवसाचा गुणक १८ दशांशांपर्यंत येतो १.०००१९१७८०८२१९१७८०८. हाच आकडा डबल म्हणून टेस्टकेसमध्ये टाकला की मेथडच्या हातात पडतो १.०००१९१७८०८२१९२. टेस्ट लाल, आणि मेसेजमध्ये दोन आकडे एकाखाली एक, एक लांब आणि एक आखूड. हे दिसलं की समजायचं. तसा पैशात याने काही फरक पडत नाही, एक कोटीवर वर्षभर लावलं तरी पैशाच्या आसपास पण जात नाही, पण टेस्ट तंतोतंत बरोबरी मागतेय ना. मग लोक तिथे टॉलरन्स (एवढा फरक चालेल अशी सूट) घालतात. नका घालू. डेसिमल वापरायचं आणि वर टॉलरन्स ठेवायचा म्हणजे हेल्मेट हँडलला अडकवून गाडी चालवण्यातला प्रकार.

या दोन्हीवर एनयुनिटमध्ये सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अवतरण चिन्हं. आकडा स्ट्रिंग म्हणून द्या, पॅरामीटर डेसिमलच ठेवा:

टेस्टकेस("१२५.५०", "१८", "२२.५९")

शून्य पण राहतं, अठरा दशांश पण राहतात, आणि बदलताना एनयुनिट इनव्हेरियंट कल्चर (आकडे-तारखा लिहायच्या देशानुसार पद्धतीला कल्चर म्हणतात, हे कुठल्याच देशाचं नसलेलं) वापरतं त्यामुळे मशीन कुठल्या देशाचं आहे याने फरक पडत नाही. दिसायला जरा गावठी दिसतं, रिव्ह्यूमध्ये कोणीतरी "आकडे स्ट्रिंगमध्ये का?" असं विचारतंच, वर एक कमेंट टाकून ठेवा. (आणि हो, आकडे मी इथे देवनागरीत लिहिलेत, कोडमध्ये असेच टाकलेत तर फॉरमॅट एक्सेप्शन येईल. डॉटनेटचं पार्स आपले अंक ओळखत नाही, कल्चर मराठी लावलं तरी नाही. मी हौस म्हणून करून बघितलंय.)

एमएसटेस्टमध्ये किंवा एक्सयुनिटमध्ये स्ट्रिंग द्यायची तर पॅरामीटर पण स्ट्रिंगच ठेवा आणि आत स्वतः पार्स करा. इथे तिसरी भानगड, आणि माझी सगळ्यात आवडती, कारण हिच्यापायी मी एक अख्खा शुक्रवार घालवलाय. डेसिमल डॉट पार्स ला कल्चर दिलं नाही तर ते मशीनचं चालू कल्चर घेतं. आपल्याकडे सगळ्यांचे लॅपटॉप भारत किंवा अमेरिकेच्या सेटिंगवर, दशांशाला टिंब, सगळं गोड. क्लायंटकडचं बिल्ड मशीन जर्मन सेटिंगवर होतं. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम लावतात आणि हजारांचे गट पाडायला टिंब. आता तुम्हाला वाटेल की १२.५० बघून ते एक्सेप्शन फेकेल आणि आपल्याला लगेच कळेल, तर तसं होत नाही, डेसिमलचं पार्स गट पाडायच्या चिन्हाला डिफॉल्ट मुभा देतं आणि गटात किती आकडे आहेत हे बघत बसत नाही, त्यामुळे १२.५० चे गुपचूप १२५० होतात. १२५.५० चे १२५५०. टॅक्स शंभर पट. लोकलला सगळं हिरवं, तिकडे सगळं लाल, आणि आम्ही इकडे टॅक्सच्या फॉर्म्युल्यात शंभराने भागायचं राहिलं का हे शोधतोय, कारण फरक बरोब्बर शंभर पटीचा होता! तसं बघितलं तर शंभर पट हीच खूण होती, दोन दशांश स्थळं गिळली गेली की शंभर पट होणारच. टेस्टमधल्या आकड्यांना तीन दशांश असते तर हजार पट दिसलं असतं आणि कदाचित लवकर ट्यूब पेटली असती.

उपाय एका ओळीचा, पार्सला दुसरं आर्ग्युमेंट कल्चरइन्फो डॉट इनव्हेरियंटकल्चर. आणि हे आपल्या मशीनवर उभं करून बघायचं असेल तर एनयुनिटमध्ये टेस्टवर सेटकल्चर ॲट्रिब्यूट लावून जर्मनचा कोड द्या, लगेच लाल दिसेल. फक्त एक लक्षात घ्या, सेटकल्चर टेस्ट चालताना लागू होतं. पार्स जर डेटा पुरवणाऱ्या मेथडमध्ये करत असाल तर ती त्याच्या आधीच चालून गेलेली असते, टेस्ट हिरवीच दिसेल आणि तुम्ही उगाच निवांत व्हाल.

त्या डेटा पुरवणाऱ्या मेथडचंच आता. कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये खात्रीचा रस्ता हाच आहे: आकडे ॲट्रिब्यूटमध्ये लिहायचेच नाहीत, एका स्टॅटिक मेथडमध्ये किंवा प्रॉपर्टीत ठेवायचे आणि ॲट्रिब्यूटला फक्त तिचं नाव द्यायचं. एनयुनिटमध्ये टेस्टकेससोर्स, एक्सयुनिटमध्ये मेंबरडेटा, एमएसटेस्टमध्ये डायनॅमिकडेटा. तिथे साधा सी शार्प कोड चालतो त्यामुळे १२५.५० एम बिनधास्त लिहा. एक्सयुनिटवाल्यांनी थिअरीडेटा वापरा, त्याला डेसिमल, डेसिमल, डेसिमल असे टाइप आधीच सांगता येतात, म्हणजे कोणी घाईत एम विसरला तर टेस्ट चालवायची वाट बघायला लागत नाही, कंपाइलरच हात धरतो. मेथड स्टॅटिक करायला विसरू नका, एक्सयुनिटला पब्लिक पण लागते. मला स्वतःला आकडे टेस्टच्या डोक्यावरच दिसलेले आवडतात, वाचताना वर-खाली उड्या माराव्या लागत नाहीत, म्हणून एनयुनिटमध्ये मी स्ट्रिंगवाला आहे आणि बाकी ठिकाणी नाइलाजाने मेथडवाला.

अजून एक जुगाड बघितलाय, पैसे इंट म्हणून द्यायचे, म्हणजे १२५५० द्यायचे आणि आत शंभराने भागायचं. वाईट नाही, पण भागताना १०० च्या मागे एम लावा, नाहीतर इंट भागिले इंट, १२५ रुपये आले आणि पन्नास पैसे गेले. आणि शून्याची भानगड इथेही आहेच, भागाकारातून १२५.५ च येतं.

हे सगळं केल्यावर पण टेस्ट लाल असेल तर? तर कृपा करून डबलला शिव्या देणं थांबवा आणि राउंडिंग बघा. आमच्याकडे आलेली शेवटची केस हीच होती. जीएसटीचा टॅक्स जवळच्या रुपयाला राउंड करायचा, सीजीएसटी कायदा २०१७ च्या कलम १७० मध्ये स्पष्ट लिहिलंय की पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. टेस्टमध्ये १८ टक्क्यांच्या ओळी होत्या: १०० ला १८, १७५ ला ३१.५० म्हणजे ३२, ७५ ला १३.५० म्हणजे १४. सगळं हिरवं, कित्येक महिने. मग कोणीतरी १२५ ची ओळ घातली, २२.५० म्हणजे २३ यायला पाहिजेत, आले २२. झालं, टीममध्ये परत "डबलमुळे होतंय, डेसिमल नीट जात नाहीये" सुरू.

आता जरा थांबून आकडे बघा. १२५ हा पूर्णांक, डबलमध्ये तंतोतंत बसतो. २२.५ पण तंतोतंत बसतो, अर्धा म्हणजे दोनचाच भाग, बायनरीला त्यात काही अडचण नाही. .५०, .२५, .७५ वर टेस्ट फुटत असेल तर निदान त्या आकड्याचा डबलशी संबंध नाही, हे मी आता झोपेत पण सांगेन. गोम अशी की मॅथ डॉट राउंड डिफॉल्टला बँकर्स राउंडिंग करतं, बरोबर अर्ध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे जातं. ३१.५० चे ३२ होतात कारण ३२ सम आहे, १३.५० चे १४ होतात कारण १४ सम आहे, आणि २२.५० चे २२ होतात, कारण तेच. म्हणजे आमच्या जुन्या ओळी नशिबाने बरोबर येत होत्या. २५ घातले असते तर ४.५० चे ४ आले असते, २२५ घातले असते तर ४०.५० चे ४०. राउंडला मिडपॉइंटराउंडिंग डॉट अवेफ्रॉमझिरो दिलं की काम झालं. सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा, अर्धा-अर्धा) वेगवेगळे राउंड करायचे की एकत्र यावरून आमच्या सीए साहेबांशी जी चर्चा झाली ती इथे नको, २५० रुपयांवर एकीकडून ४५ येतात आणि दुसरीकडून ४६, तुमच्या सीएला विचारा आणि ते जे म्हणतील ते टेस्टमध्ये लिहून ठेवा.

जावावाल्यांसाठी थोडक्यात, कारण आमच्या शेजारच्या टीमला पण हेच नडतं. जेयुनिट ५ (जावाचं टेस्ट फ्रेमवर्क) मध्ये व्हॅल्यूसोर्सला बिगडेसिमल, म्हणजे जावाचं डेसिमल, थेट देता येत नाही, पण स्ट्रिंग द्या आणि पॅरामीटर बिगडेसिमल ठेवा, ते आपोआप बदलून घेतं. सीएसव्हीसोर्समध्ये पण तसंच. फक्त तिथे एक्सेलमधून कॉपी केलेलं १,२५,०००.५० तसंच चिकटवू नका, स्वल्पविरामावर तुकडे होऊन एकाचे तीन कॉलम होतात आणि एरर भलत्याच पॅरामीटरचा येतो, आणि सिंगल कोटमध्ये गुंडाळलं तरी बिगडेसिमलला स्वल्पविराम चालत नाहीत, नंबरफॉरमॅट एक्सेप्शन देतं. स्वल्पविराम काढूनच टाका. दुसरं म्हणजे तिथलं इक्वल्स स्केल पण बघतं, २.० आणि २.०० त्याच्या मते वेगळे, सी शार्पच्या बरोबर उलटं, त्यामुळे तुलना कंपेअरटू ने करून शून्य आलं का ते बघा. आणि न्यू बिगडेसिमल च्या कंसात ०.१ अवतरण चिन्हांशिवाय कधीच लिहू नका, आत ०.१०००००००००००००००... अशी शून्यांची रांग आणि पुढे ५५५ पासून सुरू होणारी शेपटी येते.

पायथॉनमध्ये पण तीच गोष्ट, डेसिमलच्या कंसात अवतरण चिन्हं लावा. पायटेस्ट या तिथल्या टेस्ट फ्रेमवर्कच्या पॅरामेट्राइजमध्ये डेसिमल ऑब्जेक्ट थेट देता येतात, तिथे ॲट्रिब्यूटची कटकटच नाही, पण रिपोर्टमध्ये टेस्टच्या नावात आकडा दिसत नाही, नुसतं पॅरामीटरचं नाव आणि पुढे ०, १, २. कुठली ओळ फुटली हे शोधायला मग वरून खाली बोट ठेवून मोजत बसावं लागतं, आणि मोजणी शून्यापासून आहे हे विसरलात की तुम्ही भलतीच ओळ दुरुस्त करणार. आयडीज मध्ये स्ट्रिंग फंक्शन देऊन टाका, मग नावातच १२५.५० दिसतं.